परतीच्या वाटेची नवलाई

सिटी ऑफ टिअर्समध्ये पाऊस थांबत नाही. हॅलोनेस्ट नावाच्या किड्यांच्या राज्याची ही राजधानी जमिनीच्या पोटात खूप खोल वसलेली आहे. वर आभाळ नाही, ढग नाहीत, आहे ते काळ्या खडकाचं छत. तरी मनोऱ्यांच्या उंच काचांवरून पाणी निथळत असतं, फरसबंदीवर डबकी साचलेली असतात आणि चौकातल्या पुतळ्यांवर संततधार चालू असते. मी या शहरात पहिल्यांदा शिरलो तेव्हा एका इमारतीत भल्यामोठ्या खिडकीसमोर बाक दिसला. क्विरेल नावाचा एक वाटसरू तिथे आधीच येऊन बसला होता. मीही टेकलो. या देशात बाकावर बसलं की जखमा भरतात, चाललेली वाट नकाशावर चढते आणि मुक्काम पक्का होतो. त्याला क्षणभर पुरतो. मी मात्र उठलोच नाही. ख्रिस्तोफर लार्किनच्या संगीतात मिसळलेला तो पाऊस ऐकत राहिलो, आणि डोक्यात एकच प्रश्न घोळत राहिला: जमिनीखाली पाऊस येतो कुठून?

उत्तर कुणी दिलं नाही. बऱ्याच भटकंतीनंतर, अंगात नवं बळ आल्यावर, फरगॉटन क्रॉसरोड्स या वरच्या मुलखात परत गेलो होतो. तिथल्या पूर्वेकडच्या एका वाटेनं मला तळ्याकाठी आणून सोडलं. ब्लू लेक. नजर पोचेल तिथवर संथ निळं पाणी. सवयीनं नकाशा उघडला आणि अंगावर काटा आला. हे तळं बरोबर राजधानीच्या डोक्यावर होतं! खडकातून झिरपणारं हेच पाणी खाली पाऊस होऊन पडत होतं. मी ज्या पावसात भिजत हिंडलो, त्याच्या उगमाशी उभा होतो, आणि हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं; माझ्या पायांनी आणि माझ्या नकाशानं ते मला दाखवलं होतं.

हे राज्य घडलं ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात. टीम चेरी नावाची मूठभर माणसं. त्यातल्या ॲरी गिब्सनच्या हातची ही चित्रं, आणि रचनेत त्याच्या जोडीला विल्यम पेलन. २०१४च्या अखेरीस त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले, मिळाले ५७ हजारांच्या वर, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘हॉलो नाइट’ हा गेम आला. त्याचा पुढचा भाग ‘सिल्कसाँग’ सप्टेंबर २०२५ मध्ये आला तेव्हा गर्दीमुळे ऑनलाइन दुकानांचे सर्व्हर कोलमडले. एवढा जीव लोकांचा या भूमीत अडकला होता.

या जातकुळीच्या खेळांना मेट्रॉइडव्हेनिया म्हणतात. ‘मेट्रॉइड’ आणि ‘कॅसलव्हेनिया’ या दोन जपानी मालिकांच्या नावांची ही सांधेजोड. यात सुट्या सुट्या लेव्हल नसतात. एक अखंड मुलूख असतो, बोगद्यांनी आणि दालनांनी विणलेला, बहुतेक वेळा बाजूनं पाहिलेला. सुरुवातीला त्याचा थोडाच भाग चालता येतो. मग कुठे हवेतल्या हवेत दुसरी उडी मारायची कला मिळते, कुठे भिंतीला चिकटायची, कुठे आम्लात पोहायची, आणि मागे सोडलेल्या ठिकाणी परत जाऊन आधी हात न पोचलेल्या कोनाड्यांत शिरता येतं. एवढ्याच सामग्रीवर दरवर्षी ढिगानं गेम निघतात. त्यातले थोर कोणते आणि सुमार कोणते हे मला परतीच्या वाटेवर कळतं. पुढे जाताना सगळंच नवं असतं, त्यामुळे सगळंच बरं वाटतं. पण त्याच वाटेनं मागे येताना ती वाट मला नव्यानं दिसली, तर तो मुलूख थोर. नाहीतर तो नुसता हेलपाटा.

या नवलाईचा मूळ पुरुष म्हणजे झेबेस हा ग्रह. निन्टेंडोनं १९८६ साली ‘मेट्रॉइड’ काढला. तेव्हा उजवीकडे धावत सुटायचं हा खेळांचा रिवाज होता. वर्षभर आधीच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये पडदा एकदा पुढे सरकला की मागे फिरताच येत नाही. झेबेसवर मात्र पहिली कामाची वस्तू डावीकडे ठेवलेली आहे. उजवीकडे गेलात तर थोड्याच वेळात एक बुटकी फट आडवी येते. उभ्या माणसाला तिच्यातून जाता येत नाही. मग उलट फिरायचं, जिथून निघालो त्याच्याही मागे जायचं, आणि तिथे ठेवलेला मॉर्फ बॉल घ्यायचा. तो घेतला की नायिका सॅमस अरान अंगाचा चेंडू करून कुठल्याही फटीतून घरंगळत जाऊ शकते. प्रवासाच्या पहिल्या काही पावलांतच हा ग्रह आपल्याला आपली रीत शिकवून मोकळा होतो.

आठ वर्षांनी, १९९४ मध्ये, योशिओ साकामोतो यांच्या दिग्दर्शनाखाली ‘सुपर मेट्रॉइड’ आला. सॅमस पुन्हा झेबेसवर उतरते. मी हा गेम पुष्कळ उशिरा पाहिला, त्यानंतर निघालेले कितीतरी गेम आधी पाहून झालेले होते, तरी तिथल्या पहिल्या अर्ध्या तासाची बरोबरी करणारं काही मला अजून सापडलेलं नाही. यान उतरतं ते क्रेटेरियाच्या खडकाळ पृष्ठभागावर, पावसात. गुहांत शिरावं तर अंगावर येणारं कुणी नाही. पावलांच्या चाहुलीनं बारीक किडे पांगतात, तेवढीच हालचाल. एका उंच विवरातून खाली उतरत गेलं की जुन्या लढाईचे भग्नावशेष लागतात, पहिल्या गेमच्या शेवटी जिथे मुख्य शत्रू मदर ब्रेन मारली गेली तेच दालन, फुटक्या काचेसकट. पुढे लिफ्टनं ब्रिन्स्टारमध्ये उतरायचं, मॉर्फ बॉल घ्यायचा, क्षेपणास्त्रं घ्यायची. सगळीकडे सामसूम. इतकी सामसूम की बंदूक रोखून चालत असताना आपण कशाला घाबरतोय तेही कळत नाही.

आणि परत फिरताना भिंतीतला एक डोळा उघडतो. त्याचा प्रकाशझोत सॅमसवर पडतो आणि तिच्या मागे मागे सरकतो. पुढे वर येईतो मघाच्याच रिकाम्या दालनांत अंतराळातले चाचे टपून बसलेले असतात. दालनं तीच, दरवाजे तेच, एक दगड हललेला नाही. पण ग्रहाला आपली चाहूल लागली आहे. एक शब्दही न उच्चारता ही बातमी मला दिली गेली, आणि ती देण्यासाठी मला त्याच वाटेनं मागे आणणं भाग होतं. पुढे जाणाऱ्या वाटेवर हे सांगताच आलं नसतं.

ब्रिन्स्टारमध्येच एक विहिरीसारखी खोल जागा आहे. तिच्यात उतरलो आणि वर येण्याचा मार्ग दिसेना. साधी उडी निम्म्यातही पोचत नव्हती. तळाशी तीन चिमुकले प्राणी होते, एटेकून. त्यांनी एक छोटीशी लकेर घेतली आणि या भिंतीवरून त्या भिंतीवर, त्या भिंतीवरून या भिंतीवर अशा उड्या मारत ते वर निघाले. मग खाली आले, पुन्हा लकेर, पुन्हा वर. कितीतरी वेळ मी त्यांना पाहत होतो. मग त्यांच्यासारखं करू लागलो: गिरकी घेत भिंतीला भिडायचं, कंट्रोलरवर भिंतीच्या उलट दिशा दाबायची आणि लगोलग उडी. बोटांना ताल सापडायला वेळ लागला. पण सापडला आणि सॅमस एका भिंतीवरून दुसरीवर चढत विहिरीबाहेर आली.

यात थक्क करणारी गोष्ट अशी की एटेकूननी मला काहीही दिलं नव्हतं. भिंतीवरून उडी मारण्याची ताकद सॅमसच्या पायांत पावसात उतरल्यापासूनच होती. माहिती फक्त मला नव्हती. त्या क्षणी मागचा सगळा ग्रह माझ्यापुरता बदलला. जिथे जिथे मी कडा पाहून ‘इथे नंतर येऊ’ म्हणून पुढे सरकलो होतो, तिथे तिथे मी आधीच जाऊ शकत होतो! पुढे डाकोरा नावाचा शहामृगासारखा पक्षी भेटतो. तो जिवाच्या आकांतानं धावतो, एकदम खाली बसतो आणि बाणासारखा आभाळाकडे सुटतो. तोही गुरूच. या ग्रहावर शिकवायला माणूस नाही, लिहिलेली सूचना जवळपास नाही. आपण पाहायचं, करून बघायचं आणि शिकायचं. सरावलेले खेळाडू या उड्यांच्या जोरावर ग्रहाचे मोठे शत्रू भलत्याच क्रमानं मारतात, आणि तरी मुलूख कोसळत नाही, इतकी त्याची बांधणी ऐसपैस आहे.

काचेच्या बोगद्याचं तर काय सांगावं! ब्रिन्स्टारच्या खालच्या अंगाला एक लांब काचेची नळी आहे. तिच्यातून आपण आरपार जातो. बाहेर पाण्यात बुडालेला मॅरिडिया प्रदेश दिसतो, पण तिकडे जायला दार नाही. पुढे हातात पॉवर बॉम्ब येतात आणि नेहमीच्या जाण्यायेण्यात कधीतरी मनात येतं: या नळीच्या मधोमध एक फोडून पाहिला तर? काच तडकते, क्षणभर तशीच राहते, आणि मग सगळीच्या सगळी नळी ढासळते. जी जागा मी आजवर नुसती वाट समजत होतो ती दार निघाली. नकाशावर तिथे कसलीही खूण नव्हती.

सुमार मुलखांत मी पुष्कळ हिंडलो आहे, आणि तिथे काय होतं तेही सांगायला हवं. लाल दार असतं, लाल किल्ली असते. किल्लीला कधी ‘दुहेरी उडी’ म्हणतात, कधी ‘अग्निबाण’, पण तिचं काम एकच: नकाशावर लाल दिसणारी दारं उघडणं. आकडीचा दोर मिळतो तर तो भिंतीत जिथे कडी ठोकलेली आहे तिथेच अडकतो, आणि कडी पाहताक्षणीच आपल्याला कळलेलं असतं की पुढे कधीतरी दोर मिळणार. मग दोर मिळतो, आपण कडीपाशी परत जातो, वर चढतो, पेटी उघडतो. पेटीत जीवनशक्ती पाच टक्क्यांनी वाढवणारं फळ. मधली दालनं एकसारखी. बर्फाचा प्रदेश म्हणजे निळा रंग, ज्वालामुखीचा म्हणजे लाल. चालायची, लढायची रीत सगळीकडे एक. परत जाताना तेच शत्रू त्याच जागी उभे असतात आणि त्यांना मारण्यात आता जोखीम उरलेली नसते, म्हणून आनंदही नसतो. असे गेम वाईट नसतात हे मुद्दाम सांगतो. हात नीट चालतात, चित्रं देखणी असतात, लढाया चुरशीच्या असतात. पण आठवडाभरानं त्या मुलखातली एकही वाट डोळे मिटून आठवत नाही. झेबेसच्या वाटा मला आजही पाठ आहेत.

हत्यार आणि किल्ली यांच्यात काय फरक असतो हे पाहायचं तर ‘ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट’च्या अरण्यात जावं. मून स्टुडिओजचा हा गेम २०१५चा. ओरी हा इवलासा पांढरा वनजीव. गिन्सो नावाच्या प्रचंड वृक्षाच्या आत त्याला बॅश ही कला मिळते. शत्रूनं फेकलेला गोळा जवळ आला की बटण दाबून ठेवायचं. सगळं अरण्य जागच्या जागी थबकतं, एक बाण फिरू लागतो, त्याची दिशा धरायची आणि सोडायचं. गोळा एकीकडे फेकला जातो, ओरी बरोबर उलटीकडे. शत्रूलाही असंच धरून त्याच्यावरून झेप घेता येते. ही कला येण्याआधी थुंकणारा किडा दिसला की मी आडोसा शोधायचो. नंतर मी त्या किड्यांनाच शोधू लागलो, कारण उंच फांदीवर जायला मला त्यांच्या गोळ्याची गरज होती. वाट चुकवायला लावणारे शत्रू वाटेच्या पायऱ्या झाले. एकच कला लढाईला कामी येते, उडीला कामी येते, आणि दोन्हींच्या पलीकडे नुसतं अरण्यातून हिंडण्याचा आनंदही वाढवते. अशी कला मिळाल्यावर मागे फिरण्याचा कंटाळा कुणाला येईल?

आता नकाशाकडे येतो, कारण या भूमींत प्रवाशाचा खरा सोबती तोच. बहुतेक गेममध्ये नकाशा आपोआप भरत जातो. आपण दालनात शिरलो की चौकोन रंगतो. हॅलोनेस्टमध्ये तसं नाही. तिथे नव्या प्रदेशात शिरलात की हातात काहीच नसतं. चालता चालता वाटेवर कागद विखुरलेले दिसतात, आणि कुठूनतरी गुणगुणणं कानावर येतं. हा कॉर्निफर, नकाशे काढणारा. आवाजाच्या रोखानं जावं, तो कोपऱ्यात बसून रेघोट्या ओढत असतो. थोड्या पैशांत तो आपला अर्धामुर्धा नकाशा देतो. त्याची बायको आयसेल्डा वर डर्टमाउथ गावात दुकान चालवते. तिच्याकडून लेखणी विकत घेतली तरच पुढची दालनं आपल्याला त्यात भरता येतात, आणि तीही बाकावर बसल्यावर. आपण नेमके कुठे आहोत हे दाखवणारं होकायंत्रसुद्धा वेगळं विकत घ्यावं लागतं आणि ताईतासारखं बाळगावं लागतं. त्याच्यासाठी दुसऱ्या एखाद्या उपयोगी ताईताची जागा सोडावी लागते. काही खेळाडूंना हा जाच वाटतो. मला तो या राज्याचा सर्वांत मोठा शहाणपणा वाटतो. ते गुणगुणणं ऐकून जितका धीर येतो तितका कुठल्याही आपोआप रंगणाऱ्या चौकोनांनी मला कधी दिलेला नाही.

त्याच राज्यातल्या डीपनेस्टमध्ये तर मला चकवाच लागला. मशरूमच्या प्रदेशातून खाली घसरलो आणि एकदम अंधाऱ्या, कोळ्यांच्या बिळांत आलो. मागे जायची वाट बंद. मेलेले किडे उठून अंगावर येत होते. भिंतींत काहीतरी खसफसत होतं. नकाशा नाही, बाक कुठे ते ठाऊक नाही. अखेर गरम पाण्याचं कुंड आणि त्याच्याशेजारी बाक सापडला तेव्हा जिवात जीव आला. पण त्या सगळ्या वेळात मी अडकलेला नव्हतो. दर वळणाला दोन वाटा होत्या, आणि दोन्ही कुठेतरी जात होत्या. हरवणं वेगळं आणि अडून बसणं वेगळं. सुमार गेम अडवून बसवतो: सगळीकडे जाऊन झालं, एका कोपऱ्यातली फुटणारी वीट तेवढी राहिली, आणि तिच्यासाठी अख्खा देश पुन्हा ठोकत हिंडायचं. त्याला घाबरून मग कित्येक गेम नकाशावर मोठा ठिपका देतात आणि म्हणतात, तिकडे चला. दोन्हींत प्रवाशाचं मन बेकार राहतं.

यातून एक सुरेख वाट काढली ती फ्रान्समधल्या युबिसॉफ्ट माँपेलिएच्या मंडळींनी, जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन’मध्ये. इराणी दंतकथांतल्या काफ पर्वतावर सार्गोन नावाचा तरुण योद्धा हिंडतो. जिथे अडेल तिथे एक बटण दाबायचं. त्या जागेचं चित्र टिपलं जातं आणि नकाशावर तिथल्या तिथे टाचलं जातं. महिन्याभरानं नवी कला हाती आली की नकाशा उघडून आपणच टिपलेली चित्रं बघायची: हा कडा, हा खड्डा, ही काट्यांची वाट. ‘अरे, हे आता जमेल!’ हा उद्गार मात्र माझा मलाच काढू दिलेला. आठवण ठेवण्याचं ओझं काढून घेतलं, शोध लावण्याचा आनंद ठेवला. इतकी साधी सोय, आणि ती यायला २०२४ उजाडावं लागलं.

ड्रॅक्युलाच्या किल्ल्याबद्दल लिहायचं तर वेगळा लेख हवा. ‘कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट’ कोनामीनं १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आणला, दिग्दर्शक तोरू हागिहारा, आणि ज्याचं नाव पुढे या मालिकेशी कायमचं जोडलं गेलं तो कोजी इगाराशी त्यांच्या हाताखाली. इगाराशींनी नंतर सांगितलं आहे की त्यांच्यापुढे आदर्श होता तो ‘झेल्डा’ या खेळमालिकेचा. नायक अलुकार्ड हा ड्रॅक्युलाचाच मुलगा. तो किल्ल्यात शिरतो तेव्हा अंगावर उत्तम शस्त्रं, चिलखत सगळं असतं, आणि पहिल्याच टप्प्यात मृत्यू समोर येऊन ते काढून घेतो. मग लांडगा व्हायचं, वटवाघूळ व्हायचं, धुकं होऊन जाळीतून पलीकडे जायचं, असं एकेक रूप मिळवत किल्ला पालथा घालायचा. मिचिरू यामाने यांचं संगीत दर महालात वेगळं. एका प्रार्थनामंदिरात कबुलीजबाबाची खोली आहे. तिथल्या खुर्चीत बसलं की पडद्यामागे भूत येऊन बसतं. कधी ते शांतपणे ऐकून घेतं, कधी सुरा खुपसतं. या खोलीचा गेम पुढे नेण्याशी काही संबंध नाही, आणि म्हणूनच ती असल्यामुळे किल्ला खरा वाटतो. कुणीतरी तिथे राहत होतं.

किल्ला जवळजवळ पुरा झाला असं वाटतं, तेव्हा मनोऱ्याच्या माथ्यावर, डोळ्यांवर योग्य चष्मा असेल तर, एक गुपित दिसतं. ते उलगडलं की आभाळातून दुसरा किल्ला प्रकटतो. तोच, पण उलटा! पायऱ्या डोक्यावर, झुंबरांच्या जागी जमीन, घड्याळाचा मनोरा पाताळात. प्रत्येक दालन तेच आणि एकही दालन ओळखीचं नाही. ज्या छताकडे मी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं त्याच्यावर आता चालत होतो. ज्यांनी हे रेखाटलं त्यांनी प्रत्येक खोली दोन्ही अंगांनी चालता येईल अशी बेतली होती, आणि अर्धा प्रवास होईपर्यंत त्याचा सुगावा लागू दिला नव्हता. या गेममध्ये नकाशा शंभर टक्क्यांवर थांबत नाही. पुरा हिंडलात तर आकडा २००.६ होतो. लढाया उत्तरार्धात फारच सोप्या होतात, हा त्यातला उणेपणा मला मान्य आहे. पण इमारत म्हणून त्याला तोड नाही. दुर्दैवानं नंतर नक्कल झाली ती बहुतेक शस्त्रांची आणि वाढत्या आकड्यांची; कारण आकडे उचलणं सोपं, आणि दोन्हीकडून चालता येईल असा महाल बांधणं महाकठीण.

हॅलोनेस्टमधली माणसं (किडे म्हणायला हवं, पण मला ती माणसंच वाटतात) हे परतीच्या वाटेचं आणखी एक कारण. मँटिस जमातीच्या गावातून पहिल्यांदा जाताना प्रत्येक जण अंगावर धावून येतो. त्यांच्या तळघरात तीन लॉर्ड सिंहासनांवर बसलेले असतात. त्यांना रीतसर आव्हान द्यायचं, आधी एकाशी आणि मग एकदम दोघांशी लढायचं. जिंकलात की ते वाकून मान देतात. आणि त्याच गावातून वर येताना तेच योद्धे हात न उगारता, मान लववून उभे राहतात. मला नवं शस्त्र मिळालं नव्हतं, गावात काही बदललं नव्हतं. माझी तिथली पत बदलली होती. याच्या उलट गोष्ट मायलाची. क्रॉसरोड्सच्या खाणीत गाणं म्हणत दगड फोडणारी ही भाबडी पोर. जाता येता तिच्याशी दोन शब्द बोलायची मला सवय लागली होती. राज्यात पसरलेली रोगराई पुढे तिच्यापर्यंत पोचते. डोळे केशरी होतात, आणि एके दिवशी ती मला ओळखत नाही, कुदळ उगारते. सुमार मुलखात ओळखीची वाट धोका संपलेली वाट असते. इथे ओळखीच्या वाटेचंच सर्वांत जास्त दुःख होतं.

वाहनसुद्धा इथे माणूसच आहे. लांबच्या प्रवासाला एक म्हातारा भुंगेरा पाठीवर घेऊन जातो, पण त्याचं प्रत्येक ठाणं आधी आपण पायी शोधून उघडावं लागतं. एकेक ठाणं उघडत जातं तसतशी त्याला आपल्या जातभाईंची आठवण येऊ लागते. मुलूख ओलांडायची सोय द्यायलाच हवी; फक्त ती देताना मुलूखच वजा होऊ नये.

बिली बॅसोच्या ‘ॲनिमल वेल’चा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. एका माणसानं सुमारे सात वर्षं घडवलेला, २०२४ मध्ये आलेला, शंभर एमबीपेक्षाही लहान गेम. तलवार नाही, बंदूक नाही. फटाके, बुडबुडे काढायची कांडी, चकती, यो-यो असली खेळणी हाताशी. बुडबुडा फुंकून त्याच्यावर उभं राहता येतं; चकती फेकून तिच्यावर स्वार होता येतं. प्रत्येक खेळणं पाच पाच कामं करतं आणि एकही काम कुणी सांगत नाही. तळाच्या थरातलं एक कोडं तर एकट्याला सुटूच शकत नव्हतं. जगभरच्या खेळाडूंना आपापल्या वाट्याचा तुकडा दाखवून चित्र जुळवावं लागलं.

शेवटी पुन्हा झेबेसला जातो, कारण सुटकेचा जो प्रसंग तिथे रचला आहे तो या सगळ्या कलेचा कळस आहे. मदर ब्रेन मरते, ग्रह फुटायला तीन मिनिटं उरतात, आणि धावत यानापर्यंत पोचायचं असतं. धावता धावता लक्षात येतं, हे तेच विवर, ज्यातून पहिल्या पावसात मी एकेक कडा चाचपत खाली उतरलो होतो. आता तेच विवर वरच्या दिशेनं, थरथरत्या जमिनीवरून, भिंतीवरून भिंतीवर झेपा घेत मी वाऱ्यासारखा चढतो. ही चाल कुणी दाखवली? एटेकूननी. आणि वाटेतल्या एका आडबाजूच्या दालनात तेच एटेकून आणि तो डाकोरा अडकलेले दिसतात. गेम थांबवत नाही, सांगत नाही, बक्षीसही देत नाही. सेकंद सरकत असताना आत वळायचं, भिंत फोडायची, ते पळून जातात, आणि आपण यानाकडे. ग्रह फुटताना एक बारीकसा ठिपका त्याच्यापासून दूर जाताना दिसतो. तेवढाच.

अमेरिकेत गेम्स डन क्विक या नावानं वेगवान खेळाडूंचे मेळे भरतात. हिवाळ्यातल्या मेळ्याचा पैसा कर्करोग प्रतिबंधासाठी जातो. ‘सुपर मेट्रॉइड’ खेळला जाणार असला की तिथे लोक देणगी देताना सांगतात, हे पैसे प्राण्यांना वाचवण्याच्या बाजूचे, किंवा वेळ वाचवण्याच्या बाजूचे. ज्या बाजूचा गल्ला जड, तसं खेळाडूनं करायचं. वळायला काही सेकंद लागतात आणि विक्रम हुकू शकतो, म्हणून दुसरी बाजूही हट्टानं देत राहते. १९९४च्या गेममधल्या चार मुक्या प्राण्यांवरून मेळ्यामागून मेळ्यात लाखो डॉलर जमले आहेत. मी पाहिलेल्या एका रात्री वाचवणारे जिंकले, आणि खेळाडूनं भिंत फोडली तेव्हा सभागृहातली सगळी माणसं उठून ओरडत होती.